भेंडीचं पाणी, प्लास्टिकचा तांदूळ आणि आमची लॅब

तपासणीच्या धंद्यात एक मोठी गैरसोय आहे. नमुना तपासून झाला की काही दिवस कपाटात ठेवायचा आणि मग फेकून द्यायचा, असा नियम आहे. पण नमुना घेऊन आलेल्या माणसाचं काय करायचं, याबद्दल नियमात अवाक्षर नाही! तो डोक्यात राहतो. अकरा वर्षांत माझ्या डोक्यात इतकी माणसं साठली आहेत, की आता नवऱ्याने सांगितलेली भाजी लक्षात ठेवायला तिथे जागा उरलेली नाही.

आमची लॅब मालेगावात, वाशीम रोडवर. दोन गाळे, बाहेर बोर्ड: 'माती, पाणी व खाद्यपदार्थ तपासून मिळतील.' लोक मात्र तो 'मोबाईलवर आलेलं काहीही तपासून मिळेल' असा वाचतात. आत आम्ही तिघं. मालक वानखडे सर, ज्यांना बाजारात नवीन मशीन आल्याचं कळलं की अंगात कणकण येते. शोभाताई इंगोले, ज्या वीस वर्षांपासून काचेची भांडी धुतात आणि तोंडाने माणसं धुतात. आणि मी, फूड टेक्नॉलॉजीची एम.एस्सी., जिचं काम लोकांना 'तसं काही नसतं हो' एवढं एकच वाक्य दिवसभर सांगणं.

*

दोनेक वर्षांपूर्वी मेडशीचे पुंडलिकभाऊ डबा घेऊन आले. डब्यात भाजी-पोळी असेल असं वाटलं. निघाले भाताचे सात लाडू! त्यांनी त्यातला एक उचलला आणि आमच्या स्वच्छ फरशीवर आपटला. तो थोडा उसळला आणि थेट सरांच्या खुर्चीखाली गेला.

"पाह्यलं?" पुंडलिकभाऊ म्हणाले. "राशनचा तांदूळ हाय. पक्का प्लास्टिकचा!"

मी सांगितलं, भात दाबून वळला की चिकटपणामुळे थोडा उसळतोच. त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की मलाच माझ्या डिग्रीची कीव आली. मग त्यांनी खिशातून पुडी काढली. त्यात निवडून काढलेले पिवळसर दाणे. "हे पाण्यावर तरंगते. याचं काय म्हणनं हाय तुमचं?"

मी म्हटलं, भाऊ, हा मुद्दाम बनवलेला दाणा आहे. तांदळाचं पीठ करतात, त्यात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळतात, मशीनने दाबून पुन्हा तांदळासारखा आकार देतात आणि साध्या तांदळात थोडा थोडा मिसळतात. अंगात रक्त कमी असणाऱ्यांसाठी.

त्यांना ते पटेना. शेवटी शोभाताई पुढे आल्या. चार दाणे चमच्यात घेतले, स्पिरिटच्या दिव्यावर धरले, काळे केले आणि चमचा पुंडलिकभाऊंच्या नाकाखाली नेला.

"वास घ्या. घरी कधी भात बुडाले लागते का नाई?"

"रोजच लागते."

"थोच वास हाय का दुसरा?"

पुंडलिकभाऊंनी दोनदा वास घेतला. "थोच हाय," ते कबूल झाले. मग बोटांवर मोजायला लागले. हिशेब लागत नव्हता.

"म्हंजे मॅडम, चांगल्या तांदळाचं पीठ केलं?"

"हो."

"त्याच्यात औषध कालवलं?"

"हो."

"अन् त्या पिठाचा मशिनीनं पुन्हा तांदूळच केला?"

"अगदी बरोबर!"

पुंडलिकभाऊ डबा बंद करत उठले. "याच्यापेक्षा मॅडम, प्लास्टिकवर लवकर विश्वास बसते!"

*

आमच्या शेजारी बाकलीवाल काकांचं किराणा दुकान. काका मूळचे शिरपूरचे, पक्के जैन. कांदा-लसूण सोडा, बटाट्याकडेही ते परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहतात. दुपारी डबा मात्र आमच्याकडे येऊन खातात, कारण आमच्याकडे कूलर आहे.

एका दुपारी वानखडे सर फोन नाचवत आले. "नवीन ॲप आलं! ताटाचा फोटो काढा, एआय सांगते काय खाऊन राह्यले अन् किती कॅलरी. आता लॅबची काही गरज नाई!"

लॅबच्या मालकाने हे वाक्य इतक्या आनंदाने म्हणावं, हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं.

पहिला फोटो काकांच्या डब्याचा. भाकरी आणि सुकं पिठलं. ॲपने दोन सेकंद विचार केला आणि बाईच्या गोड आवाजात मराठीत जाहीर केलं, "आपल्या ताटात एक पॅनकेक आणि दोन अंड्यांची भुर्जी आहे. उत्तम प्रथिने! असेच चालू ठेवा!"

काकांचा घास हातातच राहिला. सर भराभर बटणं दाबायला लागले. ते बंद होईना. "अंडी आवडतात का? आपल्यासाठी आणखी पाककृती सुचवू?"

"अबे बंद कर थे!" काका ओरडले. "बाहेर गिऱ्हाईक उभं हाय माह्या दुकानात!"

सरांनी समजूत घातली, की पिठल्याचा रंग भुर्जीसारखा दिसतो, मशीन परदेशात शिकलेलं आहे, त्याने बिचाऱ्याने बेसन कधी पाहिलेलं नाही. काकांना तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी फोन लावून काकूंना विचारलं, "आज पिठल्यात काय टाकलं होतं?" पलीकडून काकू काय म्हणाल्या ते सगळं ऐकू आलं नाही. शेवटचं वाक्य मात्र आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"उद्यापासून त्या मशिनीलेच सांगा डबा भराले!"

*

वाशीमला एका प्रदर्शनात हळदीचा स्टॉल होता. वर फलक: 'शंभर टक्के केमिकल-फ्री.' स्टॉलवरच्या बाई हसऱ्या होत्या, हळद खरोखर छान होती. मी गप्प पुढे जायला हवं होतं. पण नाही!

मी म्हटलं, "ताई, हळदीत स्वतःचंच केमिकल असतं की. पिवळा रंग ज्याने येतो ते कर्क्युमिन."

बाईंनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "असते ना मॅडम, बाकीच्यायच्या हळदीत असते. आमी काढून टाकतो!"

मी अर्धा किलो घेतली.

*

ॲपचा ताप उतरायच्या आत सरांनी लॅबच्या नंबरवर एआय बसवलं. लोक मेसेज करणार, मशीन उत्तर देणार. "चोवीस तास सेवा! अन् तुमच्यासारखं चिडत नाई थे," हे माझ्याकडे बघून.

मशीन मराठी शिकलेलं होतं, हे मान्य. पण ते पुस्तकातलं मराठी. आमच्याकडचा माणूस 'येतोय' म्हणत नाही, 'येऊन राह्यलो' म्हणतो, ही बाब त्याच्या अभ्यासक्रमात नव्हती.

पहिल्याच दिवशी एका शेतकऱ्याने लिहिलं, "विहिरीचं पाणी घेऊन येऊन राह्यलो."

उत्तर गेलं, "आपण राहिलात याचा आम्हाला आनंद आहे. आपला मुक्काम कसा झाला?"

तो बिचारा चक्रावला. त्याने लिहिलं, "मुक्काम नाई. पाणी तपासाचं हाय. मोटरसायकलवर येऊन राह्यलो."

"मोटरसायकलवर राहणे सुरक्षित नाही. जवळच्या निवासव्यवस्थेची माहिती हवी आहे का?"

तासाभराने तो माणूस पाच लिटरचा कॅन घेऊन दारात उभा राहिला. आत यायला तयार नाही. आधी शोभाताईंना बाजूला बोलावून हळूच विचारलं, "ताई, इथं ॲडमिट करतात काय?"

"नाई बा. काहून?"

"नाई, मले वाटलं पाण्यात एवढं खराब काय निंगालं, का तपासाच्या आंधीच ठेवून घेऊन राह्यले!"

सरांनी संध्याकाळी मशीन काढलं. चिडणारं माणूस पुन्हा कामावर रुजू झालं.

*

एक तरुण पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आला. टाय लावलेला, उन्हाने घामाघूम. त्याने दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हीत लोखंडी सळ्यांचं एक खेळणं बुडवलं आणि वीज सोडली. मिनिटभरात आमचं पाणी तांबडं-काळं, वर फेस. त्याचं पाणी काचेसारखं स्वच्छ.

"हे सगळं तुमच्या पोटात जाते, सर!" तो म्हणाला.

वानखडे सरांचा हात खिशाकडे जायला लागला. शोभाताईंनी तोंडाला पदर लावला. मी उठले, मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि त्याच्या शुद्ध पाण्यात टाकलं.

"आता लावा वीज."

त्याने लावली. त्याचं पाणी आमच्यापेक्षा तांबडं झालं.

मी सांगितलं, की पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि तुमच्याच सळईचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. ही घाण पाण्यातली नाही, सळईची आहे. तुमच्या यंत्राने क्षार काढले म्हणून तिथे काही झालं नाही, एवढंच.

मला वाटलं आता हा वाद घालेल, कंपनीचं पुस्तक काढेल. मी बाह्या सरसावूनच बसले होते. पण तो खुर्चीत बसला, टाय सैल केला आणि त्या तांबड्या ग्लासाकडे पाहत राहिला.

"मॅडम, मी बी.कॉम. आहो," तो म्हणाला. "मले त्यायनं सांगितलं थे मी सांगतो. मले तर खरंच वाटे. मायले मी सहा महिन्यापासून नळाच्या पाण्याले हात लावू देत नाई."

मी बाह्या खाली केल्या. शोभाताईंनी त्याला माठातलं पाणी दिलं. त्याने ग्लास तोंडाला लावला, थांबला आणि विचारलं, "मॅडम, याच्यात सळई नाई ना?"

*

भेंडीची गोष्ट हसायची नाही, पण सांगते.

आसेगावहून एक बाई आल्या, सुमनबाई. साठीच्या आसपास, हातात पाण्याची बाटली. बाटलीत रात्रभर भिजवलेल्या भेंडीचं बुळबुळीत पाणी. म्हणाल्या, "हे किती साखर ओढते, थे मशिनीवर पाहून सांगा."

त्या दिवशी सकाळपासून मी मधाचे तीन आणि पनीरचे दोन 'व्हिडिओत पाहिलं' झेलले होते. माझी जीभ तयारच होती. "बाई, भेंडी साखर ओढायला लागली तर कारखाने बंद पडतील," मी म्हटलं आणि स्वतःच हसले.

बाई हसल्या नाहीत. बाटली पिशवीत ठेवली, "बरं" म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या. मला वाटलं, विषय संपला.

शोभाताईंनी हातातला ब्रश टाकला आणि ओल्या हातांनीच त्यांना दारात गाठलं. "बाई, गोळी चालू हाय ना साखरेची?"

"नाई. अकरा दिवस झाले बंद केली. त्या व्हिडिओत थो डॉक्टर म्हणे, भेंडी चालू केली का गोळीची गरजच नाई."

"तब्येत कशी वाटते?"

"तहान लय लागते. अन् डोळ्यापुढं धुकं आल्यासारखं होते. मी म्हटलं, साखर निंगून राह्यली असन."

माझं हसू कुठे गेलं ते मला कळलं नाही. मी मघाशी एक प्रश्न विचारायला हवा होता. मी विनोद केला होता.

मी सरांच्या गाडीत बसवून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोटातून रक्त घेतलं, आकडा पाहिला आणि बाईंना नाही, मलाच रागावले. "तुम्ही यांच्या कोण?" मी सांगितलं, कोणी नाही, मी लॅबमधली. बाईंनी मात्र माझा हात सोडला नव्हता. त्यांचा मुलगा येईपर्यंत, चार वाजेपर्यंत, मी तिथेच बसले. लॅबमध्ये बसून किती लोकांना 'तसं काही नसतं हो' म्हणून परत पाठवलं आणि ते घरी जाऊन काय करत असतील, याचा विचार करायला तेवढा वेळ पुरला.

महिनाभराने सुमनबाई स्वतः आल्या. चेहरा टवटवीत. गोळ्या नियमित सुरू होत्या, डोळ्यांपुढचं धुकं गेलं होतं. मी मनापासून म्हटलं, "पाहा बाई, गोळीनं किती फरक पडला!"

"पडला ना," बाई म्हणाल्या. "आता कसं हाय, भेंडीच्या जोडीले गोळी बी घेते. म्हणून भेंडी चांगली लागू पडून राह्यली!"

मी या वेळी विनोद केला नाही. म्हटलं, "छान. गोळी सोडू नका मात्र. भेंडीला एकटं वाटेल."

*

आणि हे जऊळक्याचं.

उन्हाळ्यात तिथल्या महिला मंडळाने मला भाषणाला बोलावलं. विषय, खाण्यापिण्यातले समज-गैरसमज. मी दीड तास बोलले. समोर साठ-सत्तर बाया, मागे पारावरून उठून आलेले पाच-सात म्हातारे. बोलण्याच्या भरात मी म्हटलं, टरबूज खाऊन वर पाणी प्यायलं की पोट बिघडतं, याला काही आधार नाही. टरबुजात मुळातच बहुतेक पाणी असतं. पाण्यावर पाणी गेलं तर काय होणार?

मागून किसनआजोबा उठले. ऐंशीचे, ताठ. "बाई, माह्या बापानं सांगितलं होतं टरबुजावर पाणी पेऊ नये. तुमचं काहून मानू?"

मला फार आनंद झाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी योग्य प्रश्न विचारला होता. "नका मानू आजोबा!" मी म्हटलं. "माझंही मानू नका. करून पाहा, मग ठरवा."

"मंग करून दाखवा," आजोबा म्हणाले.

टरबूज आलं. मी सगळ्यांसमोर चार फोडी खाल्ल्या आणि वर तांब्याभर पाणी गटागटा प्यायले. टाळ्या पडल्या. आजोबांनी टाळी वाजवली नाही. "उद्या पाहू," एवढंच म्हणाले.

परत येताना मालेगावच्या स्टँडवर उतरले. विज्ञानाचा विजय झाला की भूक लागते. समोर गाड्यावर मिरचीची भजी तळून निघत होती. कढईतलं तेल डांबरासारखं काळं होतं. असं तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, यावर माझा स्वतंत्र तक्ता आहे. मी दोन प्लेट खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ते सविस्तर सांगत नाही. मी सरांना फोन केला, "आज यायला जमणार नाही, डोकं दुखतंय." दहा मिनिटांनी शोभाताईंचा फोन.

"डोकं का पोट?"

"डोकं."

"मॅडम, डोकं दुखणाऱ्याच्या मांगं नळ कायले चालू हाय?"

मी नळ बंद केला. शोभाताई म्हणाल्या, "जऊळक्यावरून नऊ फोन आले सकाळपासून. मॅडम कशा हायेत, इचारून राह्यले. मी काय सांगू?"

एका माणसाच्या एका पोटावरून निष्कर्ष काढू नये, हे मी स्वतः शिकवते. त्यासाठी ते एक पोट लपवावं लागतं, हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं. कारण भजी होती, हे मला शंभर टक्के माहीत होतं. पण जऊळक्यात कोण मानणार? आजोबा म्हणतील, भजी हा बहाणा आहे. आणि मीच सांगून आले होते, माझं मानू नका!

"सांगा, एकदम ठणठणीत आहे," मी म्हटलं. "थोड्या वेळात लॅबमध्येच येते आहे."

साखर-मिठाचं पाणी पिऊन, भिंत धरून, बारा वाजता मी लॅबमध्ये पोचले. ओठांना थोडी लिपस्टिक लावली, म्हणजे चेहरा जिवंत दिसेल. खुर्चीत टेकले तोच दारात जीप थांबली. महिला मंडळाच्या सहा बाया उतरल्या आणि त्यांच्यामागून धुतलेलं धोतर नेसून किसनआजोबा.

आजोबांनी मला नखशिखान्त पाहिलं. मी हसले. टेबलाखाली एका हाताने पोट दाबून धरलं. मी आणखी हसले.

"बाई, मी हरलो," आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "काल तुमी गेल्यावर आमी सगळ्यायनं करून पाह्यलं. पोराबाळायसगट साऱ्या गावानं टरबूज खाल्लं अन् वर पाणी पेलं. मी बी पेलो. ऐंशी वर्षांत पयल्यांदा. कोणाले काही झालं नाई!"

मला रडायला येत होतं. कारणं दोन होती.

"तुमच्यासाठी वावरातलं सगळ्यात मोठं आणलं," आजोबा म्हणाले. दोन बायांनी मिळून ते टेबलावर ठेवलं. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग टरबुजाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि सावकाश सुरी धुवायला नळाकडे गेल्या.

बाकलीवाल काका गल्ला सोडून पाहायला आले. वानखडे सरांनी व्हिडिओ घ्यायला फोन उभा धरला. आजोबांनी आमच्या माठातून तांब्या काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"घ्या बाई. आंधी चार फोडी, मंग हे. कालच्यासारखं!"